टॉवेल कारखान्यातला राउटर सुरू होत नाही: कामाच्या नोंदी, मे २०२४

६ मे, सोमवार

सकाळी पावणेआठला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून फोन आला. स्टोअरचे आण्णा बोलत होते. "मॅडम, नेट नाही. तो डबा चालूच होईना." रविवारी रात्री वळवाचं वारं सुटलं होतं, लाइट पाच वेळा गेली आणि आली. पाचव्यांदा आली तेव्हा माग सुरू झाले, राउटर मात्र उठला नाही.

डबा म्हणजे सिस्कोचा २८११. २००४ साली आलेली ही मालिका, कंपनीचा सपोर्टसुद्धा २०१६ मध्ये संपला. कारखाना आणि नवी पेठेतलं मुख्य ऑफिस यांच्यातला टनेल, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा खाजगी मार्ग, हाच राउटर सांभाळतो. ऑर्डर, स्टॉक, पॅकिंग लिस्ट सगळं ऑफिसच्या सर्व्हरवर आहे. टनेल नाही म्हणजे माल गोदामात तयार आणि कागद नाहीत. म्हणून आधी आण्णांच्या कॉम्प्युटरला मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून दिलं, ई-वे बिलं तरी निघू लागली. माणसांचं अडलेलं सुटलं की यंत्राकडे शांतपणे बघता येतं.

केबिन मागांच्या शेडला लागूनच आहे. दहा वाजता आत ३८ अंश. एसीचा स्टॅबिलायझर रात्री ट्रिप झालेला, तो कुणी परत चालू केला नव्हता. या राउटरला आजूबाजूची हवा जास्तीत जास्त ४० अंशांपर्यंत चालते. मेमधल्या सोलापुरात एसीशिवाय बंद केबिन म्हणजे ती मर्यादा दुपारच्या आतच ओलांडली जाणार.

मी प्लगपासून सुरुवात करते. सॉकेटला २२६ व्होल्ट, ठीक. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मात्र ११ व्होल्ट. हे दोन-तीनच्या आत असावं लागतं. इलेक्ट्रिशियन मामांना बोलावलं. त्यांनी मीटर बघितला आणि थेट बाहेर जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यावरचं झाकण उचललं. "ताई, खड्डा पार वाळलाय बगा. एप्रिलपासून कुणी पाणीच घातलं नाही." आतली माती भेगाळलेली होती. दोन बादल्या पाणी ओतलं ते तिथल्या तिथे जिरलं. मग रोज सकाळ-संध्याकाळ बादलीभर घालायचं ठरलं.

यूपीएसचा मेन स्विच बंद केला, तर यूपीएस त्याच क्षणी गप्प. बॅटरी संपलेली. म्हणजे रविवारच्या रात्री पाचही झटके राउटरने थेट अंगावर घेतले.

दुसऱ्या लाइनवरून राउटर लावून बटण दाबलं. समोरचा सिस्टिम पॉवरचा दिवा डोळ्याची पापणी लवावी इतका वेळ हिरवा झाला, पंखा अर्धा वळसा फिरला आणि सगळं थांबलं. दोन सेकंदांनी पुन्हा तेच. आतून बारीक टिक, टिक असा आवाज. या दिव्याची भाषा ठरलेली आहे. स्थिर हिरवा म्हणजे सगळं ठीक, लुकलुकणारा हिरवा म्हणजे सुरू होतोय किंवा रॉम मॉनिटरमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या छोट्या मूळ प्रोग्राममध्ये, थांबलाय, पिवळट म्हणजे आत काहीतरी बिघाड. इथे त्यातलं काहीच नव्हतं. लॅपटॉपवरून राउटरशी थेट बोलायची कन्सोल केबल लावून सेकंदाला ९६०० बिट वेगावर बसले, स्क्रीनवर एक अक्षर नाही. केबल चांगली आहे हे शेजारच्या स्विचला लावून तपासलं. कन्सोल पूर्ण मुका असेल तर प्रोसेसरपर्यंत वीज नीट पोचतच नाही असं समजायचं. सॉफ्टवेअर, कॉन्फिगरेशन या गोष्टी अजून फार लांब आहेत.

एखादं कार्ड शॉर्ट असेल तरी पॉवर सप्लाय अशीच मान टाकतो. म्हणून बटण बंद, वायर बाहेर, मग दोन्ही कार्डं काढली. या मॉडेलमध्ये चालू असताना कार्ड ओढायचं नसतं. एक जुन्या लीज्ड लाइनच्या काळातलं सीरियल कार्ड, दुसरं स्विचचं. दोन्हींशिवायही तीच टिकटिक. म्हणजे संशय पॉवर सप्लायवरच. मामांना सांगून राउटर घरी घेऊन आले.

संध्याकाळी टेबलावर झाकण उघडलं. हवेच्या जाळीच्या आतल्या बाजूला कापसाच्या रुईची राखाडी गादी बसली होती, बोटाच्या पेराएवढी जाड. नखाने एक कोपरा सोडवला तर सगळी एका तुकड्यात निघाली, वाकळेच्या आतला कापूस निघावा तशी. तिच्यात टॉवेलच्या किनारीचे निळे धागेही होते. टेरी टॉवेलच्या शेडमध्ये ही रुई हवेत तरंगतच असते, कामगारांच्या पापण्यांवर बसते. राउटरचा पंखा ती वर्षानुवर्षं ओढून घेत होता.

पॉवर सप्लाय वेगळा केला. आउटपुटच्या बाजूचे तीन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग. शंका उरू नये म्हणून केस वाळवायच्या ड्रायरने त्या तिघांना तीन मिनिटं लांबून गरम हवा दिली आणि मग जोडून बटण दाबलं. दिवा हिरवा झाला आणि टिकला, पंखे फिरले. थंड झाल्यावर परत तीच टिकटिक.

कारण असं. कपॅसिटरमधलं द्रव हळूहळू वाळतं, त्याचा आतला रोध वाढतो. गरम असताना रोध कमी असतो, म्हणून चालू राउटर स्वतःच्याच उष्णतेवर तग धरतो. सुरू होताना मात्र सगळी मागणी एकदम येते आणि थंड, वाळलेला कपॅसिटर ती पेलू शकत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तुंबलेल्या जाळीमुळे आत २० अंश जास्त असतील तर आयुष्य चौथाई. चालू असणं आणि सुरू होता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा राउटर कित्येक महिने फक्त चालू होता.

७ मे, मंगळवार

आज सोलापूर लोकसभेचं मतदान. सकाळी सातला रांगेत उभी राहिले, ऊन चढायच्या आत मोकळी झाले. कारखान्याला आणि ऑफिसला सुट्टी. मालकांकडून नवी पेठेतल्या ऑफिसची चावी घेतली.

तिथे अगदी असाच दुसरा २८११ आहे, दोन्ही एकाच दिवशी बसवलेले. त्याचा पॉवर सप्लाय काढून कारखान्याच्या राउटरला लावून बघायचा असा विचार होता. बटणाला हात लावण्याआधी शो व्हर्जन (राउटरची माहिती दाखवणारी आज्ञा) देऊन बघितलं, आणि हात मागे घेतला.

एका वर्षापेक्षा जास्त काळ सलग चालू. आणि शेवटच्या ओळीत कॉन्फिगरेशन रजिस्टर २१४२.

हे असायला हवं २१०२. रजिस्टरचा हा आकडा राउटरला सांगतो की सुरू होताना काय करायचं. २१०२ असेल तर तो फ्लॅश कार्डावरची आयओएस इमेज, म्हणजे सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल, उचलतो आणि मग एनव्हीरॅममधलं (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतलं) जपून ठेवलेलं कॉन्फिगरेशन वाचतो. २१४२ असेल तर इमेज उचलतो पण कॉन्फिगरेशनकडे बघतच नाही. पासवर्ड विसरला की हीच युक्ती करतात. सुरू होताना ब्रेक दाबून रॉम मॉनिटरमध्ये जायचं, २१४२ करायचं, आत शिरून जुनं कॉन्फिगरेशन उचलायचं, नवा पासवर्ड द्यायचा. आणि निघताना आठवणीने परत २१०२ करायचं. ही शेवटची पायरी राहून गेलेली. मालकांना फोन केला. त्यांना आठवलं, गेल्या वर्षी पासवर्ड सापडत नव्हता म्हणून एका माणसाला बोलावलं होतं, त्याने एका दुपारी दोन्हीकडचं काम करून दिलं.

त्या दिवसापासून दोन्ही राउटर व्यवस्थित चालत होते. मी बटण बंद केलं असतं तर हा कोरा होऊन उठला असता, आणि याचे कपॅसिटरही तसेच असतील तर उठलाच नसता. मग दोन्ही टोकं बंद. म्हणून ठरवलं, याचा पॉवर सप्लाय काढायचा नाही. चालू आहे तोवर त्याच्याकडून जे घेता येईल ते घ्यायचं.

रजिस्टर २१०२ केलं. पुन्हा शो व्हर्जन घेतल्यावर ओळ बदलली: आत्ता २१४२, पुढच्या रीलोडला २१०२ होईल. ती ओळ डोळ्यांनी वाचल्याशिवाय मी उठत नाही. चालू कॉन्फिगरेशन लॅपटॉपवर उतरवून घेतलं. आयओएसची इमेजही टीएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, काढून घेतली आणि तिची एमडी५ बेरीज (फाइल जशीच्या तशी आहे का ते तपासायचा आकडा) वहीत लिहिली. इमेजचं आज काही काम नव्हतं, पण दोन्ही राउटरवर एकच आवृत्ती आहे, जवळ असलेली बरी.

८ मे, बुधवार

सकाळी नवी पेठेतून कपॅसिटर आणले. दुकानदाराने आधी ८५ अंशांचे काढून दिले. परत केले, १०५ अंशांचेच घेतले. किमतीत फरक थोडासा आहे, पण आपल्या हवेत तो फरक वर्षांमध्ये मोजला जातो. तीन फुगलेले होते, बदलले मात्र आउटपुटचे सगळे पाच. एकाच दिवशी बसलेले, एकाच उष्णतेत वाळलेले, उरलेले दोन किती दिवस टिकणार?

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवते. पॉवर सप्लायच्या मेन बाजूच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्य बघूनच हात घालायचा. ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांनी पूर्ण पॉवर सप्लायच बदलावा.

दुपारी अडीचला बटण दाबलं. दिवा लुकलुकू लागला. कन्सोलवर बूटस्ट्रॅपची ओळ आली, मेमरीचा आकडा आला. तीन दिवसांनी हा राउटर पहिल्यांदा काहीतरी बोलला, खूप बरं वाटलं. मग इमेज उलगडायला लागली, हॅशच्या (#) खुणांची रांग पुढे पुढे सरकत गेली, आणि मध्येच थांबली. इमेजचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, चुकीचा. राउटर परत पहिल्यापासून सुरू, परत तिथेच अडला.

याची कारणं दोन असू शकतात. फ्लॅश कार्डावरची फाइल खराब आहे, किंवा फाइल चांगली आहे पण ती जिथे उलगडली जाते ती रॅम खराब आहे. इथे घाईने दोन्ही बदलण्याचा मोह होतो. पण दोन्ही एकदम बदललं आणि चाललं, तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि चांगली वस्तू कचऱ्यात जाते. एका वेळी एकच बदल.

कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड काढून लॅपटॉपच्या कार्ड रीडरमध्ये घातलं. फाइलचं नाव बरोबर, आकार बरोबर. एमडी५ काढली, कालच्या वहीतल्या आकड्याशी लावून बघितली. जुळली नाही. दोष कार्डात, रॅमकडे अजून बोट दाखवायचं कारण नाही. रात्रीच्या त्या पाच झटक्यांमध्ये कार्डाचा कुठलातरी भाग बिघडला असणार.

काल सहज म्हणून काढलेली इमेज कामाला आली. खणात १२८ एमबीचं चांगलं कार्ड होतं, त्यावर ती घातली, परत वाचून एमडी५ जुळवली. जुन्या कार्डावर भरवसा ठेवायचा नाही. कार्ड रीडर नसता तर रॉम मॉनिटरमधून टीएफटीपीने उतरवता आली असती. तेही शक्य नसेल तर एक्समोडेम, म्हणजे कन्सोल केबलमधूनच फाइल पाठवायची पद्धत, उरतो. त्याचा हिशेब करून ठेवलाय: कन्सोल ९६०० वर असताना सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात, २४ एमबीच्या इमेजला सात तास. वेग ११५२०० केला तर ३५ मिनिटं. मात्र काम झाल्यावर वेग परत ९६०० करायला विसरू नये, नाहीतर पुढच्या माणसाला स्क्रीनवर नुसती चिन्हं दिसतात आणि तो राउटर बिघडला समजतो.

रात्री साडेनऊला हॅशची रांग शेवटपर्यंत गेली. दिवा स्थिर हिरवा. आणि स्क्रीनवर प्रश्न: सुरुवातीचं कॉन्फिगरेशन करायचं आहे का? म्हणजे इथेही २१४२. मंगळवारी ऑफिसात ते बघितलं नसतं तर हा प्रश्न वाचून एनव्हीरॅम पुसली गेली असं वाटलं असतं आणि सगळं कॉन्फिगरेशन हाताने लिहायला बसले असते.

९ मे, गुरुवार

सकाळी नऊला कारखान्यात. अर्थिंगचा फरक ११ वरून ४ वर आलेला. मामांनी खड्ड्यात पाण्याबरोबर मीठ आणि कोळसाही घातला होता. यूपीएसला नवी बॅटरी बसवली, मेन स्विच बंद करून २० मिनिटं चालू ठेवून बघितला.

राउटर रॅकमध्ये लावला, प्रश्नाला नाही म्हटलं, जपून ठेवलेलं स्टार्टअप कॉन्फिगरेशन चालू, म्हणजे रनिंग, कॉन्फिगरेशनमध्ये उचललं. पासवर्ड, टनेल, रूट सगळं आलं, तरी लिंक उठेना. आण्णा मागे उभे. कारण साधं आहे पण दर वेळी पाच मिनिटं खातं: कोरा उठलेला राउटर आपले सगळे इंटरफेस, म्हणजे केबल लावायची पोर्टं, बंद ठेवतो, आणि जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये "चालू कर" अशी ओळ मुळात लिहिलेली नसते. दोन्ही इंटरफेसवर नो शटडाउन दिलं. टनेल उठला. आण्णांच्या स्क्रीनवर स्टॉकची यादी उमटली आणि ते काही न बोलता लगेच पॅकिंग लिस्ट काढायला बसले.

रजिस्टर २१०२, मग राइट मेमरी, म्हणजे कॉन्फिगरेशन जपून ठेवलं. मग आण्णांना विचारून पाच मिनिटं मागितली आणि राउटर मुद्दाम बंद केला. पूर्ण थंड होऊ दिला असता तर अधिक बरं, पण कामाची वेळ होती. बटण दाबलं, स्वतःहून कॉन्फिगरेशनसकट उठला. तेव्हा कुठे सही केली.

१० मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीया. घरी आमरस. दुपारी घरूनच तपासलं. शो एन्व्हायर्नमेंटमध्ये पंखे ठीक, तापमान सामान्य. मालकांना नव्या राउटरचा अंदाजखर्च पाठवला. हा आता काही काळ चालेल, पण सपोर्ट संपलेल्या यंत्रावर कारखान्याचं कामकाज कायम ठेवू नये हे त्यांना फोनवरही सांगितलं. "दिवाळीच्या आधी बघू," म्हणाले.

१३ मे, सोमवार

दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी लिंक गेली, तीन-चार मिनिटांत परत आली. आण्णांचा फोन: "पुन्हा तेच झालं वाटतं." माझ्याही पोटात गोळा आला. मीच बदललेले कपॅसिटर.

पोचल्यावर अंदाज बांधत बसले नाही, शो व्हर्जन घेतलं. राउटर शेवटचा का बंद झाला ते त्यात लिहिलेलं असतं. रीलोड असेल तर कुणीतरी आज्ञा दिली. बस एरर असेल तर सॉफ्टवेअर किंवा हार्डवेअर कोसळलं, मग क्रॅशइन्फो फाइल बघायची. मेमरी पॅरिटी एरर असेल तर पहिल्यांदा नुसती नोंद ठेवायची, पुन्हा आली तर रॅम बदलायची. इथे होतं पॉवर-ऑन. म्हणजे राउटर कोसळला नव्हता, त्याची वीज गेली होती. पण यूपीएस तर चालू होता, आणि त्याच वेळी शेडमधली लाइट गेलेली नव्हती.

वायर धरून धरून मागे गेले. यूपीएसच्या आउटपुटचा एक्स्टेन्शन बोर्ड रॅकच्या मागून दाराबाहेर आलेला, आणि त्याच्या मोकळ्या सॉकेटमध्ये कूलरचा प्लग. बाहेर घड्या घालणाऱ्या बायकांनी दुपारी कूलर लावला होता. पंप आणि मोटर एकदम सुरू झाली, यूपीएस ओव्हरलोड होऊन पडला आणि परत उठला. त्यातली एक मावशी घाबरून म्हणाली, "आमाला काय म्हाईत बाई, सॉकेट रिकामं दिसलं." चूक त्यांची नाही. ४२ अंशांत पत्र्याखाली बसून टॉवेलच्या घड्या घालायच्या तर कूलर लागणारच. मामांनी तासाभरात त्यांच्यासाठी कूलरचं वेगळं सॉकेट काढून दिलं. यूपीएसचा बोर्ड रॅकच्या आत घेतला, रिकाम्या सॉकेटवर टेप लावली.

केबिनच्या दाराच्या फटीला फोमची पट्टी, आणि राउटरच्या हवेच्या बाजूला रॅकवर बारीक जाळी बसवली. ती दर शनिवारी झटकायची, आण्णांच्या रजिस्टरमध्ये तसा रकाना आखला.

१८ मे, शनिवार

ऑफिस सुटल्यावर, साडेसातला, नवी पेठ. आज तिथला राउटर मुद्दाम बंद करायचा होता. सोबत जुळवलेलं फ्लॅश कार्ड, कॉन्फिगरेशनची प्रत, पाच कपॅसिटर, सोल्डरिंगचं सामान. मालक स्वतः आले होते. "चालू असलेलं कशाला बंद करता?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "मालक, एक दिवस तो स्वतःहून बंद पडणारच. आज मी इथे आहे, सुटे भाग इथे आहेत आणि उद्या रविवार आहे."

अर्धा तास थंड होऊ दिला. झाकण उघडलं. इथे रुई नाही, नुसती रस्त्याची धूळ, ब्रशने आणि ब्लोअरने काढली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, मोकळी फिरू दिली तर बेअरिंग जातं.

८ वाजून २० मिनिटांनी बटण. दिवा हिरवा, मग विझला. पुन्हा हिरवा. तिसऱ्यांदा टिकला आणि लुकलुकायला लागला. हॅशची रांग पूर्ण, रजिस्टर २१०२, कॉन्फिगरेशन वाचलं, टनेल उठला. मालक जायला निघाले होते. त्यांना थांबवून ते दोन विझणं सांगितलं, आणि राउटर परत बंद करून पॉवर सप्लाय काढायला घेतला.